आधार कसा द्यावा?

१

इतिहासविषयक लेखांत विधानाखालीं जो आधार द्यावयाचा तो कशासाठीं, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. परंतु अलीकडे विद्यापीठांतून सादर होणारे निबंध व प्रबंध चाळले असतां असें दिसून येतें कीं, या प्रश्नाचा फारसा विचार न करितांच पुष्कळ लेखक आधार देत असतात. लेखाच्या अखेरीस ग्रंथांची लांबलचक यादी असते, पानोपानीं टीपांचे आंकडे असतात, आणि तरीही एखादें विधान पडताळून पाहावें असें मनांत आणिलें तर वाचकाला वाट सांपडत नाहीं. ‘राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ एवढें लिहून टीप संपते. या साधनांचे खंड २२ आहेत. त्यांपैकीं कोणत्या खंडांतील कितव्या लेखांकावरून विधान केलें, हें लेखकानें सांगितलें नाहीं, तर आधार दिला काय आणि न दिला काय, सारखेंच.

आमच्या मतें आधार हा लेखकाच्या व्यासंगाचा दाखला नव्हे. ती वाचकाला मूळ कागदापर्यंत नेणारी वाट आहे. जो कागद लेखकाच्या हातांत होता तोच कागद, तितकाच व तसाच, वाचकाच्या हातांत पडला पाहिजे. एवढें तत्त्व मान्य केलें म्हणजे बाकीचे नियम त्यांतून आपोआप निघतात. त्यांतील पहिला नियम असा कीं, जो कागद लेखकाच्या हातांत आलाच नाहीं, त्याचा आधार त्यानें स्वतः पाहिल्यासारखा देऊं नये. स्वल्पविराम कोठें द्यावा, ग्रंथाचें नांव ठळक छापावें कीं तिरपें छापावें, हे विषय गौण आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे त्याविषयींचे नियम असतात व ते पाळावे. परंतु ते सर्व नियम पाळूनही आधार खोटा असूं शकतो. तो कसा, हें मराठ्यांच्या इतिहासांतील परिचित उदाहरणांवरून दाखविण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

२

प्रथम ग्रँट डफ याचें उदाहरण घेऊं. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ पर्यंत सातारच्या दरबारीं इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्या अवधींत सातारकर महाराजांच्या संग्रहांतील कागद, पेशव्यांचें दप्तर, इंग्रजांच्या वखारींतील पत्रें व अनेक घराण्यांच्या बखरी त्याच्या पाहण्यांत आल्या. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या मतांविषयीं व दृष्टीविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं तरुण वयांत, १८६७ च्या सुमारास, त्यावर जी टीका केली तिच्यापासून मराठींतील चिकित्सक इतिहासलेखनाचा आरंभ मानण्याची पद्धति आहे.

येथें आम्हांस त्याच्या मतांशीं कर्तव्य नाहीं. त्याच्या टीपांशीं आहे. ग्रँट डफनें टीपा दिल्या, हा त्याचा गुणच होय. त्याच्या काळीं इकडे दुसरें कोणी तें करीत नव्हतें. इतकेंच नव्हे, तर आपण वापरलेल्या हस्तलिखितांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्याचेंही त्यानें नमूद केलें. परंतु पुढें आमच्या अभ्यासकांनीं तीं हस्तलिखितें शोधिलीं तेव्हां तीं त्यांस मिळालीं नाहींत. मग ग्रँट डफनें कागद जाळून टाकिले, अशीही वदंता उठली. वदंतेवर आम्ही विश्वास ठेवीत नाहीं. परंतु ती कां उठली, याचा विचार करण्याजोगा आहे. कित्येक टीपांत ‘मराठी हस्तलिखित’ किंवा त्यासारखाच मोघम निर्देश आहे. तें हस्तलिखित कोणत्या घराण्याचें, कोणत्या गांवचें, कोणीं व केव्हां उतरून घेतलेलें, त्याचें पान कितवें, याचा उलगडा अशा निर्देशावरून होत नाहीं. जोंवर प्रत एका कपाटांत सुखरूप आहे तोंवर असा निर्देश चालतो. कपाट रिकामें झालें कीं टीप मुकी होते. उलट, ‘अमुक गांवच्या अमुक चिटणिसांच्या घरची बखर’ एवढें जरी त्या टीपेंत असतें, तरी त्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे किंवा शेजारच्या गांवीं तिची दुसरी प्रत शोधावयास मार्ग राहिला असता.

यावरून पहिला धडा असा कीं, आधार देतांना कागद आज कोठें आहे एवढेंच सांगून भागत नाहीं. तो कोठून आला हेंही सांगावें लागतें. ठिकाण बदलतें, मालक बदलतो. उगम मात्र बदलत नाहीं.

३

दुसरें उदाहरण शिवजन्मतिथीचें. हा वाद आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. त्यांतील ज्योतिषाचा भाग येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आधार मोजण्याची चुकीची व बरोबर रीत त्यांत स्पष्ट दिसते, म्हणून तें उदाहरण घेतलें आहे.

शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख मास, म्हणजे इ. स. १६२७, ही जन्मतिथि दीर्घकाळ सर्वमान्य होती. ग्रँट डफनें १६२७ हेंच साल दिलें. पुढें त्यावरून शालेय पुस्तकांत, चरित्रांत व पोवाड्यांच्या प्रस्तावनांतही तेंच साल आलें. एखाद्या विद्यार्थ्यानें या सर्व ग्रंथांची यादी केली असती, तर १६२७ च्या बाजूस त्याला पन्नास आधार सहज दाखवितां आले असते. परंतु ते आधार पन्नास नव्हते. ग्रंथकारानें पूर्वीच्या ग्रंथकाराला पाहून लिहिलें, त्यानें त्याच्याही पूर्वीच्याला पाहून लिहिलें, आणि सर्वांच्या मुळाशीं मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीसारख्या, मूळ प्रसंगानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळानें तयार झालेल्या उत्तरकालीन बखरींची परंपरा होती. ग्रंथ पुष्कळ, साक्ष मात्र एकाच परंपरेची.

१९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांत जतन झालेल्या या शकावलींत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत. तींत शिवजन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असा दिला आहे. पुढें दत्तात्रेय विष्णु आपटे व सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२५ त ‘शिवचरित्रप्रदीपा’ंत ही शकावली पुन्हां छापिली. तंजावरास मिळालेलें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ हें समकालीन संस्कृत काव्य दिवेकरांनीं १९२७ त संपादून प्रसिद्ध केलें. त्यांतही हीच तिथि निघाली. जोधपूरकडील कुंडलींच्या संग्रहांतही शके १५५१ शीं जुळणारी कुंडली मिळाली. येथें ग्रंथांची संख्या थोडी आहे. परंतु साक्षी निरनिराळ्या आहेत. एक मावळांतील देशमुखाच्या घरची नोंद, एक दरबारांत राहिलेल्या पंडिताचें तंजावरास जतन झालेलें काव्य, आणि एक राजस्थानांतील ज्योतिष्याचा संग्रह. यांपैकीं कोणीं कोणाची नक्कल केली असें म्हणावयास जागा दिसत नाहीं. आज महाराष्ट्र शासनही १९ फेब्रुवारी १६३० हाच जन्मदिवस मानतें.

तेव्हां ‘सर्व इतिहासकारांचें याविषयीं एकमत आहे’ असें लिहून खालीं सहा ग्रंथांचीं नांवें देणें, हा आधार नव्हे. त्या सहांनीं कोणता कागद पाहिला, हें शोधून तो कागद सांगणें हा आधार होय. आधार मोजावयाचे नसतात. साक्षी मोजावयाच्या असतात. आणि साक्षी किती आहेत हें टीपांवरून कळावयाचें असेल, तर प्रत्येक टीप मूळापर्यंत गेलेली असली पाहिजे.

येथें जेध्यांच्या शकावलीविषयीं एक सूचना करणें आवश्यक आहे. ही शकावली म्हणजे घडलेली गोष्ट त्याच दिवशीं टिपून ठेवलेली रोजनिशी नव्हे. ती नोंदींवरून तयार केलेली टांचणवजा जंत्री आहे. म्हणून तिचा निर्देश करतांना ‘समकालीन कागद’ एवढेंच न म्हणतां ‘शकावली’ असें तिचें स्वरूप सांगावें, व आपण ती टिळकांच्या मुद्रणावरून घेतली कीं शिवचरित्रप्रदीपावरून, हेंही सांगावें. साधनाचें स्वरूप झांकून त्याचें वजन वाढविणें हा प्रामाणिक मार्ग नव्हे, मग तें साधन आपल्या पक्षाचें कां असेना.

४

आतां तारखांकडे वळूं. तारीख हा आधाराचा कणा आहे, आणि नवशिक्या लेखकाचा पाय बहुधा येथेंच घसरतो.

वर जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख दिली ती जुन्या, म्हणजे जूलियन, गणनेची आहे. नव्या ग्रेगोरियन गणनेनें तोच शुक्रवार १ मार्च १६३० हा येतो. आज संगणकावर तिथि-तारखांचें परिवर्तन करणारीं साधनें मिळतात. त्यांपैकीं कांहीं जुनी गणना धरितात, कांहीं नवी. विद्यार्थी त्यांतून मिळालेली तारीख निबंधांत लिहितो व गणनेचें नांव लिहीत नाहीं. मग दोन निबंधांत एकाच घटनेच्या दोन तारखा येतात आणि तिसरा लेखक त्यावर मतभेदाचें प्रकरण रचितो.

सतराव्या शतकांतील परकीय कागदांत हा घोटाळा पदोपदीं आहे. इंग्रजांनीं जुनी गणना १७५२ पर्यंत चालविली. पोर्तुगालनें नवी गणना १५८२ तच स्वीकारली, आणि डच कंपनीचे कागदही नव्या गणनेचे असतात. त्यामुळें राजापूरचा इंग्रज व वेंगुर्ल्याचा डच यांनीं एकाच दिवशीं पत्रें लिहिलीं तर त्यांवरील तारखांत १० दिवसांचें अंतर पडावयाचें. आणि गोव्याचा पोर्तुगीज डचाच्या बाजूस राहावयाचा. शिवाय इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला बदलत असे. सुरतेची पहिली लूट आपण जानेवारी १६६४ ची म्हणतों. परंतु सुरतकर इंग्रजांच्या हिशेबानें तो महिना १६६३ सालांतच मोडतो. जो लेखक इंग्रजी कागदावरील सालाचा आंकडा जसाच्या तसा उचलील, तो लूट एक वर्ष अलीकडे ओढील. आणि त्याच्या टीपेंत कागदाचा क्रमांक अचूक असूनही त्याचें विधान चुकेल.

राज्याभिषेकाची तारीख याहूनही बोधप्रद आहे. ६ जून १६७४ ही तारीख सर्वांस पाठ आहे. त्या दिवशीं शनिवार होता. परंतु जेधे शकावलींत सिंहासनारोहणाचा वार शुक्रवार व तिथि ज्येष्ठ शुद्ध द्वादशी अशी दिलेली आहे, आणि उत्सव तर त्रयोदशीला होतो. यांत कोणीही चुकलेलें नाहीं. सिंहासनारोहण तीन घटका रात्र उरली असतां झालें, असें शकावलीच सांगते. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून ती पहाट शुक्रवारचीच. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीं बदलतो. म्हणून त्यांच्या मतें शनिवार उजाडला होता. शुक्रवारच्या सूर्योदयीं द्वादशी होती. ती दिवसा संपून पहाटे त्रयोदशी चालू होती. ज्यानें मूळ नोंद तिच्या तिथिवारघटकांसह दिली, त्याच्या वाचकाला हा मेळ घालतां येतो. ज्यानें नुसती ‘६ जून’ लिहिली, त्याच्या वाचकाला शकावली चुकीची वाटावयाची.

मोडी कागदांत आणखी एक अडचण असते. पेशवाईंतील पुष्कळ पत्रांवर नुसता चंद्र व मुसलमानी महिना असतो, साल नसतें. जेथें शुहूर सन असतो तेथें तो अरबी शब्दांत असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. हें वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळें मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढें मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. म्हणजे हें १७७१-७२ होय. जेथें सनच नाहीं तेथें पत्रांतील मजकुरावरून संपादक साल ठरवितो व पत्राच्या डोक्यावर छापितो. राजवाड्यांच्या खंडांत, वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहांत, गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तरांतून निवडून छापिलेल्या ४५ भागांत, सर्वत्र अशीं सालें आहेत. तीं बहुधा विचारपूर्वक ठरविलेलीं असतात. तरी तें संपादकाचें मत होय, पत्राचें वचन नव्हे. विद्यार्थी तें साल पत्राचेंच म्हणून घेतो, त्यावर घटनाक्रम उभारतो, आणि मग तोच घटनाक्रम दुसऱ्या एका निनावी पत्राचें साल ठरविण्यासाठीं वापरला जातो. या चक्रांतून सुटण्याचा उपाय एकच. प्रथम पत्रांत असेल तेवढीच मिति अक्षरशः द्यावी. मग कंसांत संपादकानें दिलेलें साल त्याच्या नांवानें द्यावें. आणि आपण स्वतः परिवर्तन केलें असेल तर तें आपल्या नांवानें, गणनेचा उल्लेख करून द्यावें. तीन हात तिघांचे म्हणून वेगळे दिसले पाहिजेत.

५

यापुढील दोष उसन्या आधाराचा. तो सर्वांत अधिक आढळतो, आणि लेखक स्वतःला अपराधी समजत नसल्यामुळें तो सुटणेंही कठीण असतें.

शिवकालाविषयीं लिहितांना खाफीखानाचें नांव बहुतेक सर्व निबंधांत येतें. परंतु त्याचा ‘मुन्तखबुल्लुबाब’ हा फार्सी ग्रंथ किती जणांनीं उघडला आहे? पुष्कळांनीं पाहिलेला असतो तो इलियट व डॉसन यांच्या संग्रहाच्या १८७७ सालच्या सातव्या भागांतील इंग्रजी उतारा. कित्येकांनीं तर त्या उताऱ्यावरून दुसऱ्या कोणीं मराठींत लिहिलेला परिच्छेदच पाहिलेला असतो. टीपेंत मात्र ‘खाफीखान’ असें एकच भारदस्त नांव झळकतें. इलियट-डॉसनचे उतारे निवडक आहेत. काय वगळलें हें त्यांवरून कळत नाहीं. त्या भाषांतरांत चुकाही आहेत. होडीवाला यांनीं १९३९ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा कितीएक स्थळांची चिकित्सा केली आहे. जो लेखक ‘इलियट-डॉसन, भाग ७, पृष्ठ अमुक, यांतील भाषांतरावरून’ असें लिहितो, त्याचा वाचक सावध होतो व होडीवालांकडे वळतो. जो ‘खाफीखान’ एवढेंच लिहितो, तो भाषांतरकाराची चूक मूळ ग्रंथकाराच्या माथीं मारितो. आणि फार्सी न वाचतां फार्सी वाचल्याचा मान पदरांत घेतो.

उसना आधार देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येकाला फार्सी, पोर्तुगीज, डच, मोडी हें सर्व यावें अशी अपेक्षा करणें वेडेपणाचें होईल. अट एवढीच कीं उसनें तें उसनें म्हणून सांगावें. ‘अमुक पत्र, तमुकांनीं उद्धृत केल्यावरून’ हे चार शब्द टीपेंत अधिक लिहिल्यानें लेखकाची योग्यता कमी होत नाहीं. उलट, त्याच्या इतर टीपांवर विश्वास ठेवावयास आधार मिळतो.

आवृत्तीचा निर्देशही याच प्रकरणांत येतो. जदुनाथ सरकारांचा शिवाजीविषयक इंग्रजी ग्रंथ प्रथम १९१९ त निघाला व पुढील आवृत्त्यांत त्यांनीं त्यांत सुधारणा केल्या. पहिल्या आवृत्तींतील मत उचलून ‘सरकार म्हणतात’ असें लिहिणें, म्हणजे ज्या मतांत त्यांनीं पुढें फेर केला असेल तेंही त्यांच्या गळ्यांत बांधणें होय. सभासदाच्या बखरीचेंही तसेंच. काशीनाथ नारायण सान्यांची आवृत्ति निराळी, हेरवाडकरांची निराळी. पृष्ठांक जुळत नाहींत. पृष्ठांकाबरोबर आवृत्ति व साल दिलें नाहीं, तर पृष्ठांकाचा उपयोग काय? छापील पत्रांच्या बाबतींत आम्ही लेखांक अवश्य द्यावा असें सुचवितों, कारण पुनर्मुद्रणांत पृष्ठें बदलतात, परंतु लेखांक सहसा कायम राहतो.

६

येथवर लेखकांस उद्देशून लिहिलें. परंतु आधाराची जबाबदारी एकट्या लेखकाची नाहीं. आमच्या वाचकवर्गांत संग्राहक पुष्कळ आहेत, आणि चांगल्या टीपेचा आरंभ लेखकाच्या मेजावर न होतां संग्राहकाच्या दप्तरांत होतो.

एखाद्या जुन्या वाड्यांतून रुमाल मिळाला म्हणजे तो सोडून, सुंदर शिक्क्यांचीं पत्रें एकीकडे, हिशेबाचे बंद दुसरीकडे व नीट न लागणारे तुकडे तिसरीकडे करण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. रुमालांत कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हीही एक माहिती आहे. निनावी पत्राचें साल कित्येकदां शेजारच्या हिशेबावरून ठरतें. रुमाल मोडला कीं ती साक्ष कायमची जाते. म्हणून प्रथम आहे त्याच क्रमानें प्रत्येक कागदावर शिसपेन्सिलीनें बारीक क्रमांक घालावा. जुनें बांधण व त्यावरील चिठी फेंकूं नये. आणि रुमाल कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत, कोणत्या साली, विकत कीं देणगी म्हणून मिळाला, हें एका कागदावर लिहून आंत ठेवावें.

दुसरी गोष्ट अस्सल व नकलेची. वतनाच्या तंट्यांत पक्षकार जुन्या पत्रांच्या तालिका करून घेत. कांहीं खऱ्या, कांहीं पदरच्या. शिक्का-मोर्तब असलेलें अस्सल, त्याच काळची तालीक, शंभर वर्षांनीं केलेली नक्कल, आणि छापील पाठ, या चार वस्तु आहेत. संग्राहकानें आपल्या यादींत त्या चार म्हणूनच नोंदाव्या. यादींत ‘शिवाजीमहाराजांचें पत्र’ एवढेंच लिहिलें, तर उद्यांचा विद्यार्थी नकलेला अस्सल समजेल, आणि त्याचा दोष अर्धा आपल्याकडे येईल.

तिसरी गोष्ट यादीची. संग्रह खाजगी असो वा संस्थेचा, यादीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असलीच पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटलीं व पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. अशा प्रसंगानंतर काय गेलें व काय राहिलें, हें सांगणारी यादी नसेल तर नुकसानीचें मापही घेतां येत नाहीं. ज्या कागदाचा क्रमांक, उगम व पाठ कोणा लेखकानें नीट टिपून छापिला आहे, तो कागद गेला तरी त्याची साक्ष अर्धी तरी राहते. ज्याचा निर्देश ‘एका खाजगी संग्रहांतील पत्र’ एवढाच आहे, तो सर्वस्वीं गेला.

आतां कागदांचीं छायाचित्रें घेऊन संगणकावर ठेवण्याची सोय झाली आहे, हें इष्टच आहे. परंतु छायाचित्राला कागदाचा क्रमांक, पाठ व पोट यांचा निर्देश आणि संग्रहाचें नांव जोडलेलें नसेल, तर तें ग्रँट डफच्या ‘मराठी हस्तलिखिता’इतकेंच मोघम. अशा प्रतिमेवरून लिहितांना प्रतिमा पाहिली कीं मूळ कागद पाहिला, हें सांगावें व पाहिल्याची तारीख द्यावी. कागदाची मागची बाजू, शाईचा फरक, जोडाची रेघ, हीं प्रतिमेंत बहुधा दिसत नाहींत.

७

सारांश, टीप लिहितांना लेखकानें स्वतःला पांच प्रश्न विचारावे. मी पाहिलें तें काय : अस्सल, तालीक, नक्कल, छापील पाठ, कीं भाषांतर? तें कोठून आलें व आज कोठें आहे? त्याचा खंड, लेखांक, रुमाल, बंद किंवा पृष्ठ कोणतें, व आवृत्ति कोणती? त्यावर मूळची मिति कोणती, व ती बदलली कोणीं? आणि दुसऱ्या कोणाच्या हातून तें मजपर्यंत आलें असेल तर त्याचें नांव मी सांगितलें आहे काय? या पांचांचीं उत्तरें टीपेंत असलीं म्हणजे ती टीप कोणत्याही विद्यापीठाच्या नियमांत बसवितां येते. तीं नसलीं तर नियमांनीं तिला वांचवितां येत नाहीं.

कित्येकांस वाटतें कीं इतकी काटेकोर टीप देणें म्हणजे प्रतिपक्षाच्या हातांत शस्त्र देणें होय. तें खरें आहे, व तें दिलेंच पाहिजे. टिळकांनीं शकावली छापिली तेव्हां ती समग्र छापिली. म्हणूनच तिच्यांतील एकेक नोंद पुढील अभ्यासकांस पंचांगाशीं ताडून पाहतां आली. राजवाड्यांनीं पत्रें छापिलीं म्हणूनच त्यांच्या प्रस्तावनांतील मतें त्यांच्याच पत्रांवरून खोडून काढणें पुढील पिढीस शक्य झालें, आणि त्यांत राजवाड्यांचें कांहीं उणें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं ते वारले. त्यांच्या कित्येक मतांना आज कोणी अनुसरत नाहीं. परंतु त्यांच्या खंडांतील लेखांक आजही रोज उघडले जातात.

म्हणून जे तरुण लेखक आज पहिला निबंध लिहीत आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, टीप शेवटीं लिहावयाची म्हणून ठेवूं नये. कागद समोर असतांच ती पुरी करावी. आणि संग्राहकांस विनंति आहे कीं, असा विद्यार्थी दारीं आला तर त्याला कागदाबरोबर यादीही दाखवावी, आणि जातांना त्याच्या टीपेंत आपल्या गांवाचें नांव बरोबर लिहिलें आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें.